गावात शेतकरी कंपनी निघालीय. हजार रुपयांचा शेअर घ्यायचा का?

देशात दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याचं उद्दिष्ट पूर्ण झाल्याची घोषणा फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्र सरकारने केली. ही योजना २०२०मध्ये सुरू झाली आणि तिच्यासाठी ६,८६५ कोटी रुपयांची तरतूद होती. आकडा मोठा आहे, पण गावात तो पोचतो एका पावतीपुस्तकाच्या रूपात. ओळखीचा कुणीतरी दारात येतो, ‘आपली कंपनी काढतोय, हजार रुपये द्या, आधारची झेरॉक्स आणि सातबारा द्या’ म्हणतो. बरेच जण भिडेखातर पैसे देतात. वर्षभराने विचारलं, की त्या हजाराचं काय झालं, तर देणाऱ्यालाही सांगता येत नाही आणि घेणाराही गडबडतो.

ही कंपनी म्हणजे नेमकं काय, तिच्यात आपलं काय जातं आणि काय येऊ शकतं, हे समजलं तर निर्णय सोपा होईल. सुरुवात सगळ्यात मोठ्या भीतीपासून करू.

## माझी जमीन त्यात जाणार का?

नाही. शेतकरी कंपनीत तुम्ही शेअरचे पैसे घालता, जमीन घालत नाही. सातबारा घेतात तो तुम्ही शेती करता याचा पुरावा म्हणून. जमिनीवर कंपनीचा बोजा चढत नाही, पीक कोणतं घ्यायचं हेही तुम्हीच ठरवता.

ही भीती मात्र उगाच आलेली नाही. जानेवारी १९५९मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने एक ठराव केला होता: आधी सेवा सहकारी संस्था काढायच्या आणि पुढे शेती संयुक्त सहकारी पद्धतीने करायची. म्हणजे मालकी ज्याची त्याच्याकडे, पण बांध मोडून जमीन एकत्र कसायची आणि उत्पन्न वाटून घ्यायचं. पंडित नेहरूंचा त्याला पाठिंबा होता. खुद्द काँग्रेसमधून चौधरी चरण सिंह यांनी कडाडून विरोध केला, आणि त्याच वर्षी राजाजी, एन. जी. रंगा, मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला, त्यामागे या ठरावाचा मोठा वाटा होता. रशियात शेतकऱ्यांची जमीन बळजबरीने सामुदायिक करताना काय झालं, हे तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आपल्याकडे सक्ती झाली नाही. काही संयुक्त शेती संस्था निघाल्या, त्यातल्या बऱ्याच सरकारी अनुदान संपल्यावर थंडावल्या. काही तर जमीनदारांनी सीलिंगच्या, म्हणजे जमीनधारणेवर मर्यादा घालणाऱ्या, कायद्यातून जमीन वाचवण्यासाठीच काढलेल्या होत्या.

एकत्र कसण्याची अडचण आळसापेक्षा मोजमापाची आहे. कारखान्यात माणूस एका जागी उभा असतो, त्याचं काम दिसतं. शेतात निंदणी नीट झाली की वरवर, फवारणी पानाच्या खालच्या बाजूला बसली की नाही, हे कापणीपर्यंत कळत नाही. आणि कळलं तरी ते कुणाच्या हातून झालं हे सांगता येत नाही. शंभर जणांचं शेत एक केलं, की चांगलं काम करणाऱ्याला वाटतं, मी मरमर करतो आणि वाटा मात्र सारखाच. त्याचाही हात सैल पडतो. चीनमध्ये १९७८नंतर कम्यून मोडून शेतं पुन्हा एकेका कुटुंबाकडे कसायला दिली, तेव्हा उत्पादन वाढलं ते यामुळेच.

म्हणून आजच्या शेतकरी कंपन्या शेताच्या आत शिरत नाहीत. शहरातली गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांसमोर आणा. फ्लॅट ज्याचा त्याचा, आत कुणी काय शिजवायचं यात सोसायटीचा संबंध नाही. पाण्याची टाकी, लिफ्ट, वॉचमन हे एकट्याला परवडत नाही म्हणून सामायिक. शेतकरी कंपनीत शेत ज्याचं त्याचं. खत-बियाण्याची खरेदी, प्रतवारी, गोदाम, गाडी आणि विक्री सामायिक.

## मग एकत्र यायचं तरी कशासाठी?

महाराष्ट्रात १९७०-७१च्या कृषिगणनेत एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे दहा-साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. पिकाच्या वाढीला याने फारसं बिघडत नाही. लहान शेतात एकरी उत्पादन बऱ्याचदा मोठ्या शेतापेक्षा जास्तच निघतं, कारण घरची माणसं जीव लावून राबतात. बिघडतं ते शेताबाहेर.

सव्वातीन एकरांत वीस क्विंटल सोयाबीन झालं, तर त्याला पूर्ण ट्रक लागत नाही. तेलगिरणीच्या दारात वीस क्विंटल घेऊन उभं राहता येत नाही. ओलावा मोजायचं यंत्र स्वतःचं नसतं, म्हणून समोरचा सांगेल तो ओलावा आणि तो लावेल तो कडता, म्हणजे वजनातली कपात. वर हमाली, तोलाई. बियाणं-औषधं घेताना तर बहुतेकांची उधारीच असते, आणि उधारीवर घेणाऱ्याला भाव करता येत नाही. म्हणजे विकत घेताना किरकोळ भाव आणि विकताना घाऊक भाव, असा दोन्हीकडून लहान शेतकरी चेपला जातो.

आता आणखी एक गोष्ट वाढली आहे, आणि माझ्या मते आधुनिक शेतीत एकत्र येण्याचं सगळ्यात भक्कम कारण तेच आहे: मालाचा माग. बाहेरचा ग्राहक आता नुसता माल बघत नाही, तो कोणत्या शेतातून आला आणि त्यावर केव्हा काय फवारलं हे विचारतो. २०१०मध्ये क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश सापडल्याने भारतातली द्राक्षं युरोपात अडकली आणि नाशिक भागातल्या बागायतदारांचं प्रचंड नुकसान झालं. फवारणीच्या नोंदी, माती-पाण्याची तपासणी, औषधांच्या उर्वरित अंशाची प्रयोगशाळेतली चाचणी, बागेचं प्रमाणपत्र हा सगळा खर्च तीन एकरवाल्याने एकट्याने कसा करायचा? ग्लोबलगॅप या प्रमाणपत्रात त्यासाठी गटाची सोय आहे. गटाने आपली अंतर्गत तपासणीची यंत्रणा उभी करायची, दरवर्षी प्रत्येक सदस्याची बाग स्वतः तपासायची. बाहेरचा तपासनीस मग नमुन्यादाखल काहीच बागा बघतो. सदस्यसंख्येच्या वर्गमुळाइतक्या तरी. शंभर बागायतदारांत किमान दहा. खर्च विभागला जातो, पण जबाबदारीही बांधली जाते. एकाने बंदी असलेलं औषध मारलं तर शंभरांचं प्रमाणपत्र धोक्यात येतं.

## सहकारी सोसायटी आणि ही कंपनी, फरक काय?

‘शेतकरी उत्पादक संघटना’ हा सर्वसाधारण शब्द. ती सहकारी कायद्याखाली नोंदवता येते किंवा ‘उत्पादक कंपनी’ म्हणून कंपनी कायद्याखाली. गावात ज्याला नुसतं ‘कंपनी’ म्हणतात ती बहुधा ही दुसरी.

तिची कल्पना अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीतून आली. सहकारी संस्थांवर सरकारी खात्याचा हात फार जड झाला होता. सहकार खात्याचा निबंधक संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमू शकत होता. दुसरीकडे साध्या खासगी कंपनीत ज्याचा पैसा जास्त त्याची मतं जास्त. अलघ समितीने मधली वाट काढली: सहकाराचं तत्त्व आणि कंपनीचा सांगाडा. २००२ची दुरुस्ती करून ही तरतूद कंपनी कायद्यात आली. आता ती २०१३च्या कायद्यात एकविसाव्या-अ प्रकरणात आहे.

नियम थोडक्यात असे. किमान दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी काढता येते. केंद्राच्या योजनेतून मदत हवी असेल तर मात्र सपाट प्रदेशात किमान तीनशे सदस्य लागतात. संचालक किमान पाच, साधारणपणे जास्तीत जास्त पंधरा. सदस्य व्यक्ती असतील तर एका सदस्याला एकच मत, शेअर एक असो की शंभर. पूर्ण वेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायचा आणि तो सदस्यांपैकी नसावा. शेअर बाजारात शेअर विकता येत नाहीत. आणि कंपनीच्या धंद्याशी ज्याच्या धंद्याची टक्कर आहे, त्याला सदस्य होता येत नाही. हा शेवटचा नियम फार थोड्या गावांत पाळला जातो. अडत दुकानदार स्वतः संचालक असलेल्या कंपन्या राजरोस चालतात, आणि सभासद गप्प बसतात, कारण उधारी त्याच्याकडेच असते.

## हजाराच्या शेअरवर मिळणार किती?

शेअरकडे गुंतवणूक म्हणून बघितलं तर निराशा होईल. भांडवलावरचा लाभांश कंपनीच्या नियमावलीत मर्यादित ठेवलेला असतो. या कंपनीतला खरा लाभ वेगळ्या वाटेने येतो.

एक वाट म्हणजे चांगला भाव आणि स्वस्त निविष्ठा, म्हणजे बियाणं, खतं, औषधं. तो फायदा व्यवहाराच्या दिवशीच हातात पडतो. दुसरी वाट ‘आश्रय बोनस’, म्हणजे वर्षअखेर जे उरलं ते कंपनीशी कुणी किती व्यवहार केला त्या प्रमाणात वाटणं. पन्नास क्विंटल घालणाऱ्याला पाच क्विंटल घालणाऱ्याच्या दहापट. आणि नुसता शेअर घेऊन सगळा माल व्यापाऱ्याला देणाऱ्याला काहीच नाही. तिसरी वाट ऊसवाल्यांना पाठ आहे. कारखाना पहिली उचल देतो आणि उरलेलं नंतर. तसं शेतकरी कंपनीही मालाची ठरावीक रक्कम आधी देऊन बाकी मागे ठेवू शकते आणि हिशेब झाल्यावर रोख, वस्तू किंवा शेअरच्या रूपात देऊ शकते. कायद्यात तशी तरतूद आहे. मात्र नफा झाला तर काही भाग राखीव निधीत टाकावा लागतो, सगळा वाटून मोकळं होता येत नाही.

म्हणजे हजार रुपये हा धंद्यात शिरण्याचा परवाना आहे. तो वापरला नाही तर फुकट गेला.

## एका ट्रकचा हिशेब

शेतकरी कंपन्यांवरची भाषणं एकजुटीबद्दल असतात. एकजूट असतानाही कंपन्या बसतात, आणि त्याचं कारण पाटी-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत कळतं.

कंपनीत तीनशे सदस्य आहेत असं मानू. प्रत्येकाचे हजार, म्हणजे भांडवल तीन लाख. केंद्राच्या योजनेत सदस्याच्या भागभांडवलाइतकंच अनुदान मिळतं, सदस्यामागे दोन हजारांपर्यंत आणि एका संस्थेला पंधरा लाखांपर्यंत. इथे हजाराला हजार मिळून आणखी तीन लाख आले. एकूण सहा लाख.

आता हंगाम. प्रत्येकाचं तीन एकर सोयाबीन आणि एकरी सहा क्विंटल धरलं, तर ५,४०० क्विंटल माल. दहा टनी ट्रकमध्ये शंभर क्विंटल बसतात, म्हणजे चौपन्न ट्रक. भाव सोयीसाठी ४,५०० रुपये धरू. एका ट्रकमध्ये साडेचार लाखांचा माल. शेतकऱ्याला दिवाळी तोंडावर असताना पैसे हवेत, मजुरांना द्यायचे आहेत, रब्बीचं बियाणं घ्यायचं आहे. तो कंपनीसाठी थांबणार नाही. प्रक्रिया उद्योग मात्र माल पोचल्यावर, नमुना तपासून, दहा दिवसांनी पैसे देणार. रोज दोन ट्रक गेले तर कोणत्याही दिवशी वीस ट्रकचे पैसे अडकलेले. वीस गुणिले साडेचार, नव्वद लाख.

हाती सहा लाख आणि गरज नव्वद लाखांची. सहा लाखांत दुसरा ट्रकही पुरता भरत नाही. कंपनी पहिल्या दिवशी खरेदी करते आणि दुसऱ्या दिवशी दारावर ‘पैसे आल्यावर’ असं सांगते. शेतकरी पाठ फिरवतो आणि बांधावर आलेल्या व्यापाऱ्याला माल देतो, ज्याच्या खिशात रोकड असते. लोक याला ‘शेतकऱ्यांमध्ये एकी नाही’ म्हणतात. ती एकीची परीक्षा नव्हतीच. खेळत्या भांडवलाची होती. व्यापारी भाव पाडतो हे खरं, पण तो रोख देतो, उधारी देतो, रात्री-बेरात्री पैसे देतो. ही त्याची खरी सेवा आहे आणि कंपनीला ती आधी द्यावी लागेल, मग भावाची गोष्ट.

नव्वद लाख आणायचे कुठून? बँका तारण मागतात, आणि नव्या कंपनीकडे तारण नसतं, म्हणून संचालकांची वैयक्तिक हमी मागितली जाते. इथे अर्धे संचालक मागे सरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. केंद्राच्या योजनेत दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला पतहमी आहे, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी. नाबार्डची उपकंपनी नॅबकिसान अशा संस्थांना कर्ज देते. दुसरा उपाय धान्य गोदामात ठेवून पावतीवर कर्ज काढण्याचा. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या पाऊणपट रकमेपर्यंत सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी कर्ज मिळतं. शेतकऱ्याला दिवाळीला पैसे मिळतात आणि माल काढणीच्या गर्दीत विकावा लागत नाही. मात्र नंतर भाव चढेलच असं नाही. गेल्या काही हंगामांत सोयाबीन साठवून ठेवणाऱ्यांनी ते चांगलंच अनुभवलं आहे. गोदाम वाट बघायची सोय देतं, भावाची हमी देत नाही.

## ऊस आणि दुधात जमलं, मग इतर पिकांत का अडतं?

१९५०च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि महाराष्ट्रभर त्याची रांग लागली. दूध संघांचंही तसंच. त्या लोकांची जिद्द मोठी होतीच. पण पिकानेही त्यांना साथ दिली.

तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही तर साखरेचा उतारा घसरतो. तो घरात साठवता येत नाही आणि व्यापारी पिशवीत भरून नेत नाही. शिवाय सोसायटीचं पीककर्ज उसाच्या बिलातून कापून घेता येत होतं, त्यामुळे कर्ज देणाराही निर्धास्त. दुधाचं तर सकाळ-संध्याकाळ तेच: साठवण नाही, रोजचं माप, दर दहा-पंधरा दिवसांनी पगार. सभासद आणि संस्था एकमेकांना बांधलेले राहतात ते मालाच्या नाशवंतपणामुळे.

सोयाबीन, तूर, हरभरा, हळद टिकाऊ. घेणारे अनेक, विकायला वेळही. बाहेर दहा रुपये जास्त मिळाले की माल बाहेर जातो आणि बाहेर भाव पडला की सगळा कंपनीच्या दारात येतो. म्हणजे कंपनीकडे माल नेमका मंदीत येतो. ज्या कंपन्या टिकल्या त्यांनी बहुधा अशा गोष्टीत हात घातला जिथे बाहेर पर्याय कमी आहेत: बीजोत्पादन, निर्यातीची द्राक्षं आणि डाळिंबं, प्रक्रियेचा टोमॅटो. नुसता कच्चा माल गोळा करून विकण्यात व्यापाऱ्याला हरवणं अवघड आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या तेच करतोय आणि त्याचा खर्च कंपनीपेक्षा कमी आहे. त्याला ऑडिट नाही, सभा नाही, पगारी अधिकारी नाही.

बऱ्याच कंपन्या याला वळसा म्हणून सरकारी खरेदीची एजन्सी घेतात. नाफेड या केंद्रासाठी शेतमाल खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थेसाठी कांदा किंवा कडधान्य गोळा करायचं, कमिशन घ्यायचं. पैसा सरकारचा, धोका कमी. पण हंगाम संपला की दाराला कुलूप. नाशिक जिल्ह्यात तर कांदा शेतकऱ्यांऐवजी व्यापाऱ्यांकडून घेतल्याच्या तक्रारी झाल्या, आणि प्रामाणिक कंपन्यांचंही नाव त्यात खराब झालं. खताचं दुकान काढून ‘कंपनी चालू आहे’ म्हणणाऱ्यांचंही तसंच. सुरुवात म्हणून दुकान ठीक आहे, पण पाच वर्षांनी फक्त दुकानच असेल तर ते दुकानच आहे.

## शेवटी हाही पुढाऱ्यांचा कारखानाच होणार ना?

होऊ शकतो. कायदा तेवढ्याने थांबवत नाही. एका माणसाला एक मत साखर कारखान्यातही होतंच.

फरक पडतो तो आकाराने आणि कागदांनी. कारखान्याचे सभासद काही हजार, बहुतेकांनी ताळेबंद कधी बघितलेला नसतो. तीनशे-पाचशे जणांच्या कंपनीत वार्षिक सभेला बसून ‘वाहतुकीचा खर्च एवढा कसा’ विचारणं शक्य असतं. कंपनीला दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे दाखल करावं लागतं आणि ते शुल्क भरून कुणालाही बघता येतं. न भरलं तर दंड चढत जातो. सलग तीन वर्षं राहिलं तर संचालक अपात्र ठरतात. अनेक कंपन्या इथेच अडकल्या आहेत. योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत मिळतात. तेवढे दिवस अधिकाऱ्याचा पगार आणि सीएची फी निघते. चौथ्या वर्षी धंदा त्या खर्चाला पुरला नाही, की कंपनी कागदावर उरते आणि दंड मात्र चालू राहतो. म्हणून ज्यांना अजून एकत्र विकायची सवयच नाही, त्यांनी थेट कंपनी काढू नये असं मला वाटतं. आधी वीस-पंचवीस जणांचा गट करून दोन हंगाम एकत्र बियाणं घ्यावं, एकत्र माल लावावा. पानी फाउंडेशनच्या फार्मर कप स्पर्धेतले गट तेच करतात: शेत ज्याचं त्याचं, पण पीक एक, पद्धत एक, खरेदी एकत्र आणि कामाला सावड, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणं. भांडणं व्हायची ती तिथे स्वस्तात होऊन जातात.

## मोठा पैसा आला तर कंपनी आपली राहील का?

उत्पादक कंपनीत बाहेरच्याला शेअर देता येत नाहीत, त्यामुळे ती परस्पर विकली जाऊ शकत नाही. पण त्याचीच दुसरी बाजू म्हणजे मोठं भांडवल उभं करता येत नाही. शीतगृह, पॅकहाउस, प्रक्रिया कारखाना सभासदांच्या हजार-हजारांतून होत नाही.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने यातून काढलेली वाट अभ्यासण्यासारखी आहे. विलास शिंदे यांनी उभ्या केलेल्या या शेतकरी कंपनीने काढणीनंतरच्या कामांसाठी वेगळी कंपनी काढली आणि २०२२मध्ये तिच्यात युरोपातल्या गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये घातले. शेतकऱ्यांची कंपनी वर, बाहेरचा पैसा खालच्या कंपनीत. यात धोका नाही असं नाही. गुंतवणूकदाराला परतावा हवा असतो आणि शेतकऱ्याला भाव, आणि दोन्ही एकाच नफ्यातून निघतात. शेतकऱ्यांची कंपनी बहुमत हातात ठेवते तोवर ती ओढाताण तिच्या बाजूने सुटू शकते. अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि प्रत्येक तालुक्यात सह्याद्री उभी राहील असं सांगणाऱ्याकडून पावती घेताना जरा थांबावं.

करार शेती यापासून वेगळी, एवढं इथेच सांगतो. तिथे एखादा उद्योग एकेका शेतकऱ्याशी करार करतो. शेतकरी कंपनीने गटाच्या वतीने तोच करार केला तर बोलणी तुल्यबळ होतात.

## सातबारा नाही, त्यांनी काय करायचं?

कायद्यात सदस्य होण्यासाठी जमिनीची अट नाही. उत्पादक हवा. प्राथमिक उत्पादनात पशुपालन, मत्स्यव्यवसाय, वनोपज, हातमागसुद्धा येतं. शेळ्या पाळणारी भूमिहीन बाई, खंडाने करणारा, सासऱ्याच्या नावावरच्या शेतात राबणारी सून हे सगळे सदस्य होऊ शकतात. प्रत्यक्षात पावतीपुस्तकवाला सातबारा मागतो आणि यादीत निम्मी नावं अशा पुरुषांची असतात जे पुण्या-मुंबईत नोकरी करतात.

आधी एकत्र कसण्याबद्दल जे लिहिलं त्याला एक मोठा अपवाद याच वर्गातून आला आहे. केरळमध्ये कुटुंबश्री या राज्य सरकारच्या महिला गटांच्या अभियानातल्या हजारो महिलांनी पाच-दहा जणींचे गट करून पडीक जमीन खंडाने घेतली आणि खरोखर एकत्र कसली. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी या गटांची तुलना त्याच भागातल्या एकेकट्या शेतकऱ्यांशी केली, तेव्हा केरळातले गट उत्पादनात पुढे निघाले. तेलंगणातले गट उत्पादनात मागे होते, पण मजुरीचा खर्च वाचल्याने निव्वळ मिळकतीत बरोबरीचे ठरले. गट लहान, सगळ्या साधारण एकाच परिस्थितीतल्या, एकमेकींना ओळखणाऱ्या, आणि आलेल्या आपणहून. मोजमापाची अडचण तिथे उरत नाही, कारण शेजारणीने काम चुकवलं तर लगेच दिसतं.

## पावती घेण्याआधी

संचालकांना तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी सभासदांचा किती माल कंपनीतून गेला? मालाचे पैसे किती दिवसांत मिळाले? आणि मागच्या वार्षिक सभेत मांडलेला ताळेबंद दाखवता का? नव्या कंपनीकडे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील, पण खेळतं भांडवल कुठून आणणार याचं असायला हवं. ‘सरकार देईल’ हे उत्तर नव्हे.

शेअर घेतल्यावर शेअर प्रमाणपत्र मागून घ्या, नुसत्या पावतीवर राहू नका. सदस्य झाल्यापासून तीन महिन्यांत वारसाचं नाव नोंदवायचं असतं. ते बहुतेक कंपन्या विसरतात. पुढे शेअर नको झाला तर संचालक मंडळाच्या मंजुरीने तो दुसऱ्या सक्रिय, म्हणजे कंपनीशी व्यवहार चालू असलेल्या, सदस्याला द्यावा लागतो, आणि तोही दर्शनी किमतीलाच. हजाराला घेतलेला शेअर दहा वर्षांनीही हजारालाच जातो. सदस्य वारला आणि वारस शेती किंवा तसं काही करणारा नसेल, तर मंडळ त्याला शेअर परत करायला सांगतं आणि रक्कम देतं. त्यामुळे प्रमाणपत्र सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा आणि घरात सांगून ठेवा.